ओढण्या, चेंडू, लेझीम आणि दुसरीचा वर्ग

संगीताच्या तासाला मुलांच्या हातात काहीतरी साहित्य द्यायचं आणि त्यांना हलवायचं, उड्या मारू द्यायच्या, याबद्दल शंका असतील तर पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट्ससुद्धा आल्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिली नाहीत.

प्रश्न : आमची द्विशिक्षकी जि. प. शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला रंगीत स्कार्फ दिले. पहिल्याच दिवशी वाटले, तर कुणी डोक्यावरून घेऊन भूत झालं, कुणी शेजारच्याच्या गळ्यात टाकून ओढलं, गुलाबी रंगावरून रडारड झाली ती वेगळीच. तेव्हापासून कपाटात आहेत. काढू का परत? आणि काढून नेमकं करायचं काय? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

काढा ताई, नक्की काढा. भूत होणारच ती, सहा वर्षांच्या मुलाच्या हातात झुळझुळीत कापड आलं आणि त्याने ते डोक्यावर घेतलं नाही तर मला काळजी वाटेल. म्हणून पहिलं गाणं त्या भुतांनाच देऊन टाकायचं. तुम्ही पेटीवर किंवा नुसत्या तोंडाने काहीतरी वाजवत राहा, तोवर ज्याला जे करायचं ते करू दे, अट एकच की आवाज थांबला की स्कार्फ मुठीत गुंडाळून मूठ छातीशी. असं थांबा-चालू तीन-चार वेळा केलं की मुलं आपोआप कान टवकारून ऐकायला लागतात, कारण त्यांना थांबायच्या क्षणाची मजा वाटायला लागते. शिस्तीसाठी वेगळं ओरडावं लागत नाही. गळ्याला, तोंडाला कापड लावायचं नाही हा नियम मात्र पहिल्याच दिवशी आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, तिथे गंमत नको. आणि रंग निवडू द्यायचेच नाहीत, मुलं डोळे मिटून हात पुढे करून बसतील आणि तुम्ही ठेवाल तो रंग त्या दिवसाचा.

आता करायचं काय. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण बऱ्याच जणांची पत्रं याच मुद्द्यावर येऊन अडलीत. आपण लय शिकवताना टाळी वाजवून घेतो. टाळीने ठोका कळतो पण दोन ठोक्यांच्या मधे किती जागा आहे ते टाळीतून दिसतच नाही, दोन टाळ्यांच्या मधे मुलाचे हात नुसते मोकळे असतात आणि त्या मोकळ्या वेळात ते घाई करतं. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते, त्यामुळे संथ गाणं त्यांना अवघड जातं. आपण म्हणतो पोरं पळतात, तर ती पळतात याचं कारण हे. स्कार्फ त्या मधल्या जागेत काहीतरी घडवतो. वर उडवला की तो तरंगत खाली येतो, मूल त्याच्याकडे बघत राहतं, आणि पुढचा ठोका कधी येणार हे त्याला डोळ्यांनी दिसतं. मला विचाराल तर संगीताच्या तासाला प्रॉप, म्हणजे असं हातातलं साहित्य, वापरायचं सगळ्यात भक्कम कारण हे एवढंच आहे, बाकी रंगीबेरंगी दिसतं वगैरे स्नेहसंमेलनाच्या कामाचं.

दादरा ताल घ्या. सहा मात्रा म्हणजे सहा ठोके, तीन-तीनचे दोन भाग, धा धी ना, धा ती ना. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, स्कार्फ वर सोडायचा, पहिल्या तीन मात्रा तो वर जाऊन पसरेल, चौथ्या मात्रेला (हिला ‘खाली’ म्हणतात, इथे टाळी न देता हात उलटा करतात) तो खाली यायला लागलेला असेल आणि पुढच्या समेच्या आत हातात. पण कापडाप्रमाणे हे बदलतं बरं का! पातळ नायलॉन किंवा शिफॉन छान तरंगतं, सुती रुमाल दगडासारखा खाली येतो. त्यामुळे आदल्या दिवशी स्वतः उडवून बघा आणि दादऱ्याची लय त्या कापडाला विचारून ठरवा. उलटं करायला गेलात, आधी लय ठरवली आणि मुलांना म्हटलं पकडा, तर कुणाचाच पकडला जात नाही आणि परत भुतं.

पहिलीच्या मुलांना उडवणं जमलं नाही तर नुसता हातात धरून डावीकडून उजवीकडे झोका, तीन मात्रा इकडे तीन मात्रा तिकडे, तेवढंही पुरेसं आहे. एका तासाला एकच गोष्ट. आरोह-अवरोह, लहान-मोठा आवाज, सम, सगळं एकाच दिवशी स्कार्फवर घालू नका.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, हौसेने गाण्याच्या क्लासला घातली. चार महिने झाले, घरी येऊन सांगते आज चेंडूचे टप्पे खेळलो, आज रिबन फिरवली. अलंकार, पलटे असा स्वरांचा सराव काही नाही. फी आम्ही गाण्याची भरतोय. हे परदेशी फॅड आहे का? (पालक, पुणे)

तुमचा वैताग समजतो. आधी फॅडबद्दल. एमिल जाक-दालक्रोझ म्हणून एक स्विस संगीतकार होते (१८६५ ते १९५०), ते १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात हार्मनी शिकवायचे. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थ्यांची बोटं तयार आहेत, कागदावरचे नियम पाठ आहेत, पण लय अंगात नाही. मग त्यांनी त्यांना वाजवायचं थांबवून चालायला लावलं, हात हलवायला लावलं, आणि त्यातून पुढे अख्खी शिक्षणपद्धती उभी राहिली. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे, आणि सुरुवात झाली ती मोठ्या विद्यार्थ्यांच्या अडचणीतून. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे हो, मैफलीत पहिल्या रांगेतले आजोबा मांडीवर टाळी देतात आणि खालीला हात उलटा करतात, ते बिनप्रॉपचं हेच आहे.

चेंडूचं गणित मात्र तुम्हाला सांगतो कारण ते फार सुंदर आहे. सात वर्षांच्या मुलीच्या कमरेपासून जमीन साधारण ६० सेंटिमीटर. तिथून सोडलेला चेंडू जमिनीवर पोचायला जवळजवळ ०.३५ सेकंद लागतात आणि वर हातात यायला साधारण तितकेच. म्हणजे एक पूर्ण टप्पा पाऊण सेकंदाच्या जरा आत. हे मुलीच्या हातात नाही, मॅडमच्याही नाही, ते गुरुत्वाकर्षण ठरवतं. म्हणून चेंडू लय शिकवायला इतका प्रामाणिक आहे, तो घाई करत नाही आणि रेंगाळत नाही. मेट्रोनोमवर, म्हणजे लय देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ८० ठोके ठेवले तर प्रत्येक मात्रेला एक टप्पा जेमतेम बसतो. त्याच्या वर नेलं की मुलं चेंडू पकडायचं सोडून थापटायला लागतात आणि मग तो बास्केटबॉल होतो. सुरुवातीला एका मात्रेला टप्पा आणि पुढची मात्रा चेंडू हातात धरून, हे जास्त बरं, केरवा तालाच्या आठ मात्रांत चार टप्पे. धरलेल्या मात्रेला गाण्याचा शब्द स्पष्ट म्हणायचा.

पण तुमचा प्रश्न मी झटकणार नाही. चार महिने नुसता चेंडूच चालू असेल तर मॅडमना एकदा भेटा आणि एकच विचारा, हिच्या हातातून चेंडू काढून घेतला तर तीच लय धरून ही गाते का, जरा दाखवता का? चांगल्या शिक्षिकेला हा प्रश्न आवडेल, आणि ती लगेच मुलीला उभं करून दाखवेल. मुलगी नुसत्या आवाजात, न पळता, दोन ओळी गायली तर पैसे वसूल आहेत असं समजा, पलटे दोन महिन्यांत येतील. दाखवता आलं नाही, उत्तर गोलगोल आलं, तर तिथे चेंडू टाइमपाससाठी आहे.

प्रश्न : ३० मिनिटांचा तास, ४५ मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली, हॉल नाही, आणि शेजारच्या वर्गाची रोज तक्रार. अशा ठिकाणी काय प्रॉप्स वापरणार? (संगीत शिक्षक, ठाणे)

सर, ही अवस्था निम्म्या शहराची आहे. उभं राहणं विसरा, बाकावर बसून करता येईल असं काहीतरी घ्या.

माझं आवडतं म्हणजे वर्तमानपत्राच्या सुरळ्या. दोन-तीन पानं घट्ट गुंडाळून टोकांना चिकटपट्टी लावली की झाली टिपरी, आवाज जवळजवळ नाही आणि कुणाच्या कपाळाला लागली तरी काही होत नाही. आधी स्वतःच्याच दोन सुरळ्या एकमेकींवर, मग बाकावर, मग शेजाऱ्याच्या सुरळीवर, हाच क्रम ठेवा, थेट जोडीने सुरू केलं की तलवारबाजी होते. चार मात्रांचा एक साधा घाट बसवा, बाक, बाक, आपली, शेजाऱ्याची, आणि तो न चुकता चालू असताना वरून गाणं म्हणायचं. गाणं आणि हात एकत्र येत नाहीत म्हणून सुरुवातीला अर्धा वर्ग गाईल, अर्धा वाजवेल, मग अदलाबदल.

दुसरं, खडा पास करणे. बाकावर तिघं असतील तर लाकडी ठोकळा किंवा डस्टर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, घे-ठेव, घे-ठेव, आणि गाण्याची ओळ संपली की दिशा उलटी. इथे मुलांना ओळ किती लांब आहे हे कळतं, जे नुसतं गाताना अजिबात कळत नाही, दम संपला तिथे ती ओळ संपवतात. मोठ्या मुलांना सागरगोटे द्या, पण पहिली-दुसरीला नको, तोंडात जातात. आणि सुरुवात ठोकळ्याशिवाय करा, नुसता हात आपल्यासमोर, शेजाऱ्यासमोर, हे पक्कं झाल्यावरच वस्तू द्या नाहीतर एका बाकावर सगळे ठोकळे आणि दुसऱ्यावर एकही नाही.

शेजारच्या वर्गाच्या बाईंना एकदा तासाला बोलवा. तक्रार कमी होते, का ते माहीत नाही पण होते.

प्रश्न : आपल्याकडे लेझीम आहे, टिपऱ्या आहेत, मंगळागौरीचे खेळ आहेत. मग हे स्कार्फ, रिबन, पॅराशूट (सगळ्यांनी काठाला धरून हलवायचं मोठं कापड) कशाला? आपल्याच वस्तू वापरा की! (क्रीडा शिक्षक, कोल्हापूर)

सर, तुमच्याशी माझं भांडण नाहीच, उलट मी तर म्हणतो की लेझमीवर संगीताच्या शिक्षकांनी अन्याय केलाय, ती पूर्णपणे पीटीच्या तासाला देऊन टाकली. लेझीम हलवायची वस्तूपण आहे आणि वाद्यपण. स्कार्फ चुकीच्या वेळी उडवला तर कुणाला ऐकू येत नाही, लेझीम अर्ध्या मात्रेने चुकली तरी अख्ख्या मैदानाला कळतं, आणि ज्याने चुकवली त्याला सगळ्यात आधी कळतं. शिवाय उघडताना एक आवाज, मिटताना दुसरा, म्हणजे ठोक्याच्या मधली जागासुद्धा शरीराच्या हालचालीने भरलेली, कंबर वाकते, पाय पुढे येतो, परत सरळ होतो. लेझमीची ‘चार आवाज’ ही चाल नीट बसवली तर चार मात्रांचं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

दोन अडचणी आहेत फक्त. एक म्हणजे वजन. पहिली-दुसरीच्या मनगटाला नेहमीची लेझीम जड होते, साखळीत बोटं चिमटतात, आणि जड वस्तू हातात असली की मूल लयीकडे नाही, वस्तूकडे बघतं. त्यांना आधी सुरळीची लेझीम द्या, हालचाल तीच. दुसरी अडचण वेगाची. हलगी किंवा ताशा सुरू झाला की सगळे पेटतात आणि बघता बघता लय दीडपट होते. मिरवणुकीत ते छानच वाटतं, तिथे तेच हवं असतं, पण तासाला एकदा तरी मुद्दाम संथ लयीत, हलगी न वाजवता, नुसतं तोंडाने मोजत करून घ्या. फार अवघड जातं. करून बघा तुम्ही स्वतः.

मंगळागौरीचं म्हणाल तर सूप, लाटणं, करवंट्या ही सगळी प्रॉप्सच की. करवंट्या तर प्रत्येक घरात फुकट. काठ घासून घ्या, धारदार असतात, आणि दोन करवंट्या पालथ्या आपटल्या की एक आवाज येतो, तोंडाला तोंड लावून आपटल्या की दुसरा, म्हणजे ‘धा’ आणि ‘ती’ असा फरक मुलांना हाताने करता येतो. यात मुलगेही घ्या. मुलींचे खेळ म्हणून बाजूला बसवू नका त्यांना.

पण स्कार्फला पर्याय यातला कुठलाच नाही. यातलं एकही हवेत तरंगत नाही! त्यामुळे संथ लयीसाठी काहीतरी हलकं लागणारच, मग परदेशी वाटत असेल तर घरातली जुनी ओढणी घ्या आणि चौकोन कापा. पॅराशूटऐवजी नायलॉनची किंवा जॉर्जेटची जुनी साडी, दोन्ही काठांना मुलं उभी, पेटीचा आवाज वाढला की मोठी लाट, कमी झाला की नुसती थरथर. सुती साडी नको, जड पडते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवतो. मुलांच्या इथल्या शाळेत म्युझिक टीचर रिबन, स्कार्फ सगळं वापरतात, मुलांना सवय आहे. आमच्याकडे येऊन ती बसून गाणी पाठ करायला कंटाळतात. काहीतरी सुचवा. (स्वयंसेवक पालक)

तुमच्याकडे तर अर्धं काम त्यांच्या शाळेने केलंय. तिकडच्या बऱ्याच प्राथमिक शाळांत ऑर्फ पद्धत चालते, कार्ल ऑर्फ आणि डोरोथे ग्युंटर यांनी १९२४ मध्ये म्युनिकला शाळा काढली होती जिथे हालचाल आणि संगीत एकत्रच शिकवायचे, तिथून ती आलीय. तर मुलांना सवय आहे तिचा फायदा घ्या आणि त्यांना गोफ शिकवा.

वर एक हूक किंवा मधे एक उंच खांब, त्याला रंगीत कापडाच्या लांब पट्ट्या, एकेका मुलाच्या हातात एकेक टोक. मुलांची संख्या सम पाहिजे, आठ घ्या सुरुवातीला. चार जण एका दिशेने, चार जण उलट्या, समोरून येणाऱ्याला एकदा आतून एकदा बाहेरून ओलांडत जायचं, पट्ट्यांचा गोफ विणला जातो. मग सगळ्यांनी मागे वळायचं आणि शेवटची ओलांडणी जिथून केली तिथूनच उलट सुरू करायचं की तो सुटतो. गोव्यात शिगम्याला हे बघायला मिळतं, आपल्याकडे दुसऱ्या हातात टिपरीही असते, पण ती नंतर.

यात संगीत कुठे आलं? प्रत्येक ओलांडणी गाण्याच्या ठरावीक मात्रांत व्हावी लागते. एक जण जरी घाईत पुढे गेला तरी गाठ पडते आणि ती गाठ सगळ्यांना दिसते, पुढे तासभर दिसत राहते. केरव्यातलं कुठलंही मुलांना येणारं गाणं घ्या, चार मात्रांत एक ओलांडणी, आणि पहिले दोन रविवार पट्टीशिवाय नुसतं चालायला लावा. आणि मराठी शब्द आपोआप पाठ होतात, कारण शब्द विसरला तर आत जायचं की बाहेर ते चुकतं. भोंडल्याच्या दिवशी आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांनाही एकेक पट्टी द्या, गुडघे दुखत असतील तर गायला बसवा.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात एक मुलगा व्हीलचेअरवर आहे आणि एका मुलीला श्रवणयंत्र आहे. हालचालीचा तास आला की दोघांना मी बाजूला बसवते, वाईट वाटतं. (शिक्षिका, नागपूर)

मुलाला बाजूला बसवायचं काही कारणच नाही. स्कार्फला पाय लागत नाहीत. सगळ्या वर्गालाच एक दिवस खुर्चीत बसून स्कार्फ करायला लावा, म्हणजे तो वेगळा पडणार नाही. रिबन द्यायची असेल तर काठीला बांधण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या बांगडीला बांधा, सॅटिनची मीटरभर पुरते, मनगटात अडकते, सुटून चाकात जात नाही. लांब रिबन मात्र चाकापासून जपा.

मुलीच्या हातात फुगवलेला फुगा द्या आणि तो छातीशी किंवा दोन्ही तळव्यांत धरायला सांगा. ढोलकी किंवा डफ जवळ वाजवला की फुग्याचा रबर थरथरतो आणि ते हाताला स्पष्ट कळतं. तिला ठोका जाणवला की तिने फुगा वर करायचा, आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बघून टाळी द्यायची. म्हणजे त्या दिवशी वर्गाची लय तिच्या हातात. फुगा फुटल्याचा आवाज श्रवणयंत्रातून फार मोठा येऊ शकतो, म्हणून अर्धवटच फुगवा, आणि काही मुलांना फुग्यांची भीतीच वाटते, तिला आधी विचारा. घरच्यांशीही एकदा बोलून घ्या.

आणि शेवटी छोटे छोटे प्रश्न एकदम :

स्कार्फ किती वेळा धुवायचे? सर्दीची साथ असेल तर प्रत्येक वापरानंतर, एरवी पंधरवड्याला, जाळीच्या पिशवीत घालून, आणि इस्त्री नको, नायलॉन चिकटतं. लेझमीच्या साखळीला गंज चढलाय? बारीक सँडपेपर मारा, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढा, नाहीतर मुलांच्या गणवेषावर काळे पट्टे आणि दुसऱ्या दिवशी पालक दारात. टिपऱ्या कुठल्या लाकडाच्या घ्याव्यात? जे गावातल्या सुताराकडे उरलंसुरलं असेल ते, फक्त टोकं गोल करून आणि पॉलिश पेपरने घासून घ्या, लांबी मुलाच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. सगळ्यांसाठी एकाच मापाच्या घेऊ नका.